मल्लव्वाअक्काचं वरचं दुखणं

सकाळी शेडमध्ये कुणी पाऊल टाकलं की मल्लव्वाअक्का विचारायची, "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवण झालं का. ती अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. तिकडे माणूस भेटलं की असंच विचारतात. पण अक्का तेवढ्यावर थांबत नसे. काय खाल्लं, किती खाल्लं, पचलं का, सकाळी पोट साफ झालं का, एवढी सगळी उत्तरं घेऊनच ती परातीकडे वळायची. नवीन बाई लाजून मरायची. मी तर पहिले आठ दिवस काहीच खाल्लं नाही असं सांगून सुटका करून घेतली. नवव्या दिवशी तिने माझ्या हातात भाकरीचा तुकडा ठेवला.

"आठ दिस उपाशी हाय म्हणतीस, आन् पिठाचं पोतं तर एकटी उचलतीस. खा गप."

आम्ही नऊ जणी मिळून कडक भाकरी करतो. सोलापुरातून ती लांब लांब जाते. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर वाळवायची, पापडासारखी होईपर्यंत. शेड विमलताईंची. त्यांच्या घरामागे पत्रे टाकून केलेली. उन्हाळ्यात वरून पत्रा तापतो, खालून चुली. संध्याकाळी घरी जाताना अंगात काही उरत नाही.

प्रत्येक घाण्याची पहिली भाकरी अक्का मोडायची. आधी कानाशी धरून मोडायची, मग कोपरा दाताखाली घालायची. तिने मान हलवली की पुढचं पॅकिंग. ती नुसती चावून थांबली तर आम्हाला कळायचं, परत चुलीवर. विमलताईसुद्धा तिच्या पुढे बोलत नसत. अक्काला शाळा नव्हती. मी चौथी शिकलेली, म्हणून पाकिटांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आणि भाकरीचा शब्द तिच्याकडे, अशी वाटणी होती.

अक्का बारीक चणीची होती. दात मिसरीने काळे झालेले. छातीत जळजळ तिची कायमची, मी तिला ओळखते तेव्हापासून. पदराच्या गाठीत खायचा सोडा असायचा. जळजळ उठली की चिमूटभर तोंडात टाकायची, वर पाणी, एक मोठा ढेकर, की परत थापायला. आम्ही हसायचो. तीही हसायची.

अशा या बाईचा कॅन्सर आम्हाला आठ महिने कळला नाही. तिलाही कळला नाही. सगळं दिसत होतं आणि कळलं नाही. का कळलं नाही ते सांगायचं तर आधी तिच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, सांगायला हवं.

बसप्पाकाका होटगीला रेल्वेत गँगमन होते. रिटायर होऊन घरी बसले आणि त्यांचं जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे. संध्याकाळपर्यंत पोट फुगायचं आणि मग भडाभडा उलटी व्हायची. उलटी झाली की बरं वाटायचं. गल्लीतल्या डॉक्टरने गॅस म्हणून गोळ्या दिल्या. अक्का मात्र उलटी टाकून द्यायच्या आधी काडीने हलवून बघायची. एका सकाळी तिला त्यात मेथीची पानं दिसली, चांगली आख्खी. मेथी तिने आदल्या दिवशी सकाळी केली होती.

तिने ती उलटी स्टीलच्या डब्यात भरली, झाकण लावलं, डबा फडक्यात बांधला आणि काकांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. तिथे नंबर लावून बसली. डॉक्टरांपुढे गेल्यावर डबा टेबलावर ठेवला आणि उघडला.

"साहेब, ही कालच्या सकाळची मेथी. एक दिस आन् एक रात झाली, ही पोटातनं खाली गेलीच न्हाय. वाट कुटंतरी बंद हाय."

डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. मग रुमाल बाजूला करून डब्यात वाकून बघितलं. त्याच दिवशी दुर्बीण घालायला पाठवलं. पोटाच्या खालच्या तोंडाशी, जिथून अन्न आतड्यात उतरतं तिथे गाठ होती. लवकर सापडली म्हणाले. पोटाचा खालचा अर्धा भाग काढला आणि उरलेलं पोट आतड्याला जोडलं. काका वाचले. दर दोन तासांनी थोडं थोडं खातात, गोड जास्त झालं तर घाम सुटतो आणि चक्कर येते, पण वाचले. त्याला आता सहा वर्षं होऊन गेली.

ही गोष्ट अक्का हसत सांगायची. दवाखान्यात डबा उघडल्यावर रांगेतली माणसं कशी पळाली ते उठून करून दाखवायची. आम्ही पोट धरून हसायचो. पण त्या गोष्टीतून तिच्या डोक्यात एक पक्कं बसलं, आणि तिच्यामुळे आमच्याही. पोटाचा कॅन्सर म्हणजे शिळ्या अन्नाची उलटी. कुणीही पोट दुखतं म्हटलं की अक्का विचारणार, "उलटीत कालचं अन्न येतं काय?" नाही म्हटलं की, "मग काय न्हाय तुला. थाप भाकरी." तिने असं सांगितलं की खरोखर बरं वाटायचं. माझंच एकदा पोट महिनाभर दुखत होतं आणि मी आतून घाबरले होते. तिने विचारलं, मी नाही म्हटलं, आणि त्या दिवशी मला झोप लागली.

मागच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. पहिली भाकरी मोडल्यावर अक्काने तुकडा माझ्याकडे दिला.

"तू बघ गं आज. माझे दात हलायलेत."

मी चावून मान हलवली. दुसऱ्या दिवशी परत मला दिला. मग रोजच. दुपारी डब्यातली भाकरी ती ताकात भिजवून खायला लागली. विमलताई म्हणाल्या, "अक्का, कडक भाकरीवाल्या बाईलाच दात नाहीत, लोक काय म्हणतील? कवळी बसवून घ्या." आम्ही सगळ्यांनी तेच लावून धरलं. अक्काचे दात खरंच हलत होते, काळे होते, कुणाला शंका आली नाही. दातांच्या डॉक्टरकडे विमलताई स्वतः घेऊन गेल्या. उरलेले दात काढले. हिरड्या भरून येईपर्यंत तीन महिने थांबा म्हणाले.

ते तीन महिने फुकट गेले. दात नाहीत म्हणून ती आंबील, पातळ भात, दूध यावर होती. बारीक झाली. आम्ही म्हणायचो, दात नसल्यावर माणूस बारीक होणारच. कवळी आली तेव्हा शेडमध्ये पेढे वाटले. अक्काने आरशात बघून तोंड वाकडं केलं. "घोड्यावानी दिसायलेय की गं."

कवळी लावूनही भाकरी उतरेना. ती म्हणाली, कवळी बरोबर बसली नाही. दोनदा घासून आणली.

त्या दिवसांत एकदा मी मागच्या मोरीवर परात धुवत होते. अक्का डबा अर्धा टाकून घाईने आली, भिंतीला हात लावून उभी राहिली आणि तिच्या तोंडातून पांढरा फेस आणि भिजलेली भाकरी जशीच्या तशी पडली. आंबट वास नाही, काही नाही. आत्ता खाल्लेलं आत्ताच परत. मी बघत राहिले.

"उलटी न्हाय ही," ती म्हणाली. "थुंकी हाय. घास हितं बसतो अन् माघारी येतो." तिने छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला बोट लावलं. "पोटात गेलंच न्हाय तर पोटाचं कसं असंल? कवळीनं नीट चावलं जात न्हाय, दुसरं काय."

मला ते पटलं नव्हतं. बोट तिने ज्या जागी लावलं ती जागा दातांपासून फार लांब होती. पण मी काही बोलले नाही. ती माझ्यापेक्षा मोठी, एका माणसाला मरणातून आणलेली, आणि मला चारचौघांत बोलताना जीभ जड होते. मी परात धुतली आणि आत गेले. विमलताईंनाही सांगितलं नाही. असेच दोन महिने गेले.

शेवटी काकांनी ओळखलं. ते एका सकाळी शेडच्या दारात येऊन उभे राहिले. आत कधी येत नाहीत, बायकांचं काम म्हणून. चप्पल काढून बाहेरच उभे. विमलताई गेल्या तर म्हणाले, "ताई, मी अर्ध्या पोटाचा माणूस. जेवायला मला लई येळ लागतो. गेला महिना माझं जेवण तिच्याआधी व्हायलंय. आन् आज तिला पाणीबी ठसकलं."

अक्का आतून ओरडली, "काय बी सांगू नका! उलटीत शिळं येत न्हाय मला, रोज बघते मी!"

तिला नेलंच. काकांना बोर्ड वाचता येत नाहीत, त्यांची मुलगी लांब दिलेली, म्हणून सोबत मी गेले. दुर्बीण घातली, तुकडा तपासायला दिला, फोटो काढले. आठवड्याने कागद घेऊन एका तरुण डॉक्टरबाईंपुढे बसलो. त्यांनी सांगितलं, पोटाचा कॅन्सर आहे.

अक्का भांडायलाच उठली. "कसा असंल? पोटाचा मला ठावं हाय. ह्यांचा मीच धरला होता. मला एकदाबी कालचं अन्न आलं न्हाय."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. त्यांनी कागदावर वालाच्या शेंगेसारखं वाकडं पोट काढलं आणि वरच्या टोकाला पेन टेकवलं. "मावशी, काकांचा इथे खाली होता. खालचं तोंड बंद झालं की अन्न पोटात साठून राहतं, नासतं आणि उशिरा बाहेर येतं. तुम्ही ते बरोबर ओळखलंत. तुमचा इथे वर आहे, अन्ननलिका पोटाला मिळते तिथे. वरचं तोंड बंद व्हायला लागलं की अन्न आतच जात नाही. मग शिळं कुठून येणार? आधी भाकरी अडते, मग भात, मग पाणी. आणि मध्ये, इथे झाला तर बऱ्याच जणांना दोन्ही होत नाही. भूक मरते, रक्त झिरपत राहतं, शी काळी होते, माणूस पांढरं पडतं. पोट एकच आहे, पण कुठे उगवतो त्यावर सगळं बदलतं."

"होतो कशानं?" काकांनी विचारलं.

त्या म्हणाल्या, एकच कारण सांगता येत नाही. खालच्या भागात पुष्कळदा एक जंतू वर्षानुवर्षं पोटात राहून आतून जखम करत असतो. वरच्या तोंडाशी ज्यांना होतो, त्यातल्या बऱ्याच जणांना अनेक वर्षं आंबट वर येण्याचा, छातीत जळजळीचा त्रास असतो. तंबाखूने दोन्हीकडे धोका वाढतो. अक्काने पदराच्या गाठीवर हात ठेवला. मी ते बघितलं, आणखी कुणी नाही.

काका पुढे सरकले. "बाई, माझं अर्धं काढलं तसं हिचं बी काढा की. मी सही करतो. अर्ध्यावर चालतंय माणूस, मी हाय की."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. खालचं असेल तर खालचा भाग काढून वरचं ठेवता येतं, म्हणाल्या. वरचं असेल तर बहुतेक वेळा सगळं पोट काढावं लागतं, अन्ननलिकेचा तुकडाही, आणि नळी सरळ आतड्याला जोडायची. ते मोठं ऑपरेशन. तेही केलं असतं. पण आता लिव्हरवर ठिपके आले आहेत. आता ऑपरेशन करून उपयोग नाही. केमो देऊ, आणि गिळता यावं म्हणून तिथे जाळीची नळी बसवू.

"सहा महिने आधी आलो असतो तर?" काकांनी विचारलं.

त्यांनी पेन उचललं आणि केसपेपरवर केमोची तारीख लिहायला घेतली.

अक्का बराच वेळ त्या कागदावरच्या पोटाकडे बघत होती. मग म्हणाली, "मी दारात काठी घिऊन बसले, आन् चोर माळवदावरनं उतरला." आणि हसली. नवी कवळी पूर्ण दिसली. आम्हाला कुणालाच हसता आलं नाही.

जाळी बसवल्यावर तिला आंबील, खीर, मऊ खिचडी जायला लागली. तेवढ्यानेही चेहरा उजळला. केमोला दर तीन आठवड्यांनी जायचं. काका असायचेच, मीही सुट्टी टाकून जायचे. विमलताई कधी काही बोलल्या नाहीत. त्या कवळीचं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

केमोच्या खोलीत खुर्च्यांवर माणसं सलाईन लावून बसलेली असतात. कुणी कुणाकडे बघत नाही. अक्का मात्र तिथेही सुरू झाली. शेजारच्याला विचारायची, "कुठला तुमचा?" कुणी पोटाचा म्हटलं की, "पोट काय एका खोलीचं घर हाय व्हय? वरचा का खालचा?" लोक आधी दचकायचे, मग सांगायचे. काही जणांना माहीतच नसायचं. मग ती नर्सला बोलवायची, "ओ सिस्टर, ह्या भावाला त्याचं ठिकाण सांगा की." केस गळले होते, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात सुई, आणि हे चाललेलं. नर्सा तिला वैतागायच्या आणि ती आली नाही तर विचारायच्याही.

एकदा मोडनिंबचे एक किराणा दुकानदार समोर होते, बरोबर त्यांची बायको. त्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्याआधीचं शेवटचं सलाईन चालू होतं. अक्का त्या दिवशी फार थकलेली, डोळे मिटून पडलेली, गालाची हाडं वर आलेली. बायकोने मला हळू विचारलं, "ह्यांना कशाचा?" मी सांगितलं, पोटाचा. ती बाई नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा अक्काकडे बघायला लागला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आपल्याला बी पोटाचाच हाय. हे असंच व्हायचं असंल तर कशाला फाडून घ्यायचं? सलाईन संपलं की घरी जाऊ. मरायचं ते घरी मरू."

माझ्या एका शब्दाने हे झालं.

अक्काने डोळे उघडले. "तुमचा खालचा का वरचा?"

"खालच्या तोंडाशी म्हणालेत," बायको म्हणाली.

"आवो," अक्काने काकांना हाक मारली. "सदरा वर करा."

काका लाजले. खोलीत बायका होत्या. "काय बी काय सांगतीस..."

"करा म्हणते न्हवं."

काकांनी सदरा वर केला. छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत जुना व्रण.

"ह्यो बघा खालचा," अक्का म्हणाली. "सहा वर्सं झाली. भांडतोय, फिरतोय, दिसातनं सहा येळा खातोय. खालच्याचं असं व्हतंय. माझ्याकडं बघून ठरवू नका दादा. मी वरची. माझं येगळं हाय."

"मग तुमचं ऑपरेशन कधी?" त्या बाईने विचारलं.

"माझं करत न्हाईत. उशीर झाला."

इतक्या दिवसांत हे तिने पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. काकांनी सदरा खाली केला आणि पाणी आणतो म्हणून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. मोडनिंबचे ते भाऊ सलाईन संपल्यावरही खुर्चीत बसून होते. जाताना बायकोने ऑपरेशनची तारीख नर्सकडून परत विचारून घेतली. पुढे त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही.

उन्हाळ्यात जाळीतूनही मांस वाढलं आणि आंबील थांबली. मग दूध थांबलं. डॉक्टरबाईंनी घरी न्यायला सांगितलं.

मी शेवटची गेले ती एका दुपारी, काम अर्ध्यावर टाकून. अक्का पुढच्या खोलीत खाटेवर, पाठीला उशा लावून बसवलेली. आडवं झोपलं की थुंकी घशात येत होती. पाणीही जात नव्हतं, काका ओल्या कापसाने तिचे ओठ पुसायचे. एवढीशी झाली होती. मला बघून तिने मान हलवली. जेवण झालं का, ते विचारलं नाही.

आत स्वयंपाकघरात भांड्याचं झाकण वाजलं. काका दाराआड उभ्याने खात होते. त्यांना दर दोन तासांनी खावंच लागतं, नाहीतर हात थरथरतात. तिच्यासमोर खायचं नाही म्हणून ते बरेच दिवस असं चोरून खात होते आणि तेही अर्धवट. वाळले होते.

अक्काने खाटेच्या पाटीवर बोटाने टकटक केलं. काका तोंड पुसत बाहेर आले.

"ताट आणा हितं," ती म्हणाली. आवाज नव्हताच, ओठांवरून कळलं.

"जेवलो मी. भूक न्हाय."

ती कानडीत काहीतरी म्हणाली. मला शेवटचं एवढंच कळलं, "उण्री." जेवा. मग मराठीत म्हणाली, मला कळावं म्हणून असेल. "तेवढं पोट मी वाचवून आणलंय. त्येला उपाशी ठिवू नका. माझ्या म्होरं बसा."

काका ताट घेऊन आले आणि खाटेपाशी जमिनीवर बसले. ताटात मऊ भात होता, थोडी डाळ. त्यांनी घास केला, पण तो तोंडापर्यंत जाईना. ती बघत राहिली. शेवटी त्यांनी तो खाल्ला.

मला तिथे उभं राहवेना. येते म्हणून मी चप्पल घातली. दारातून मागे बघितलं. काका मान खाली घालून जेवत होते. त्यांच्या प्रत्येक घासाला अक्काचा गळा वर होऊन खाली येत होता, तोंडात काही नसताना. काकांना ते दिसत नव्हतं.

त्यांनी हात थांबवला तेव्हा तिने बोट वर केलं. अजून एक.